वाद्यवृंदाचा मसुदा

कचेरीचा कारभार मसुद्यावर चालतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. कारकुनाने मसुदा करावा, सेक्शन ऑफिसरने त्यात फेरफार करावेत, वरिष्ठाने सही करावी आणि मग स्वच्छ प्रत जावक क्रमांक घेऊन बाहेर पडावी, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. कागदाच्या जागी संगणकाचा पडदा आला, तरी क्रम बदलला नाही. मसुदा लिहिणाऱ्याचे नाव बाहेर गेलेल्या प्रतीवर नसते, याचेही आपणांस आता काही वाटेनासे झाले आहे.

संगीताच्या क्षेत्रातही असाच एक मसुदा असतो. पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदासाठी रचना करणारा संगीतकार प्रत्यक्ष वादकांना पाचारण करण्यापूर्वी त्या रचनेची यंत्रावर वाजणारी एक प्रतिकृती तयार करतो. त्या व्यवसायात तिला ‘मॉक-अप’ म्हणतात. खऱ्या वादकांचे सुटे सुटे स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवलेले मोठमोठे संग्रह, ज्यांना ‘सॅम्पल लायब्ररी’ हे नाव आहे, त्यांच्या साहाय्याने ही प्रतिकृती उभी राहते. आम्ही तिला येथे मसुदाच म्हणणार आहोत. हा मसुदा कसा जन्मला, तो करण्याची रीत कशी घडत गेली आणि अखेरीस त्यानेच स्वच्छ प्रतीची जागा कशी घेतली, हा इतिहास अवघ्या साठ वर्षांचा आहे. परंतु त्यात अनेकांच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला आहे.

आपल्या रागसंगीताला अशा मसुद्याची गरज कधी भासली नाही. ख्याल गाणारा गवई बैठकीला बसतो, आणि बंदिशीच्या चार ओळी सोडल्या तर बाकीची सारी रचना त्या बैठकीतच जन्म घेते. वाद्यवृंदाचे तसे नाही. साठ-सत्तर माणसे एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजवीत असतात आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या वाट्याचा कागद असतो. १९५२ साली रविशंकर व टी. के. जयराम अय्यर यांच्या निर्देशनाखाली आकाशवाणीने दिल्लीत राष्ट्रीय वाद्यवृंद उभा केला, तेव्हा आपल्या वाद्यांनाही हीच शिस्त लावून घ्यावी लागली. असा वाद्यवृंद तालमीला एकत्र आणणे खर्चाचे काम असते. रचनाकार आपली कृती मनात ऐकतो, कागदावर उतरवतो. परंतु प्रत्यक्ष कानांनी ती तालमीच्या दिवशीच प्रथम ऐकतो. त्या दिवशी चूक उमगली तर ती फार महागात पडते.

यावर जुना उपाय होता पियानोचा. एका माणसाच्या दहा बोटांत साठ जणांचे काम बसवावयाचे, ही कला युरोपात पूर्णत्वास गेली होती. फ्रान्झ लिस्ट याने बेथोव्हेनच्या नऊच्या नऊ सिंफन्या पियानोसाठी उतरवून १८६५ मध्ये प्रसिद्ध केल्या. ध्वनिमुद्रिका नसलेल्या त्या काळात, ज्या गावी वाद्यवृंद नव्हता तेथील रसिकांना बेथोव्हेनच्या सिंफन्यांची ओळख व्हावयाची ती बहुधा पियानोवरूनच. पुढे चित्रपटाचे युग आले तेव्हाही संगीतकार दिग्दर्शकाला पियानोजवळ बसवून चाल ऐकवी आणि ‘येथे हॉर्न वाजतील, येथे सारी व्हायोलिने वर चढतील’ असे तोंडाने सांगे. पियानो सांगाडा दाखवी. रंग ऐकणाऱ्याने कल्पनेने भरावयाचे असत. दिग्दर्शकाला स्वरलिपी वाचता येत नसे, म्हणून त्याला संगीतकारावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा विश्वास नेहमी टिकतच असे, असे मात्र नाही. संकलनाच्या वेळी चित्राला तात्पुरते म्हणून एखादे तयार ध्वनिमुद्रण जोडण्याची प्रथा होती. स्टॅन्ली क्यूब्रिक याने ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या चित्रपटासाठी अॅलेक्स नॉर्थ या नामांकित संगीतकाराकडून संगीत लिहून घेतले आणि शेवटी ते बाजूला सारून तात्पुरते जोडलेले जुने संगीतच कायम केले. नॉर्थला ही गोष्ट चित्रपट पाहावयास बसल्यावर कळली. कानाला एकदा सवय लागली की तात्पुरते ते कायम होते, याचा हा ठळक दाखला होय. पुढील साऱ्या इतिहासाचे बीज त्यात आहे.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर प्रारंभ इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी झाला. हॅरी चेंबरलिन या अमेरिकन गृहस्थाच्या वाद्यावरून तेथे १९६३ साली ‘मेलोट्रॉन’ नावाचे वाद्य तयार करण्यात आले. दिसावयास ते पेटीसारखेच. एकेका स्वरपटावर ३५ पट्ट्या. मात्र प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा बसवलेला असे आणि त्यावर कोणा वादकाने वाजवलेला तो स्वर मुद्रित केलेला असे. पट्टी दाबली की फीत सरकू लागे. सुमारे आठ सेकंदांनी ती संपे. पट्टी सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढून घेई. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या १९६७ च्या गीताच्या आरंभी जी बासरी ऐकू येते, ती याच यंत्राची. ब्रिटनमधील वादकांची संघटना या यंत्रामुळे चिंतेत पडली, आणि तिची चिंता अस्थानी नव्हती. तथापि त्या फितीवरचा स्वर प्रत्येक वेळी त्याच तऱ्हेने उमटे. वादक मात्र तोच स्वर दोनदा सारखा वाजवीत नाही.

यानंतर संगणक आला. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ साली ‘फेअरलाइट’ हे यंत्र बाजारात आणले. त्यात ध्वनीचा नमुना अंकांच्या रूपाने साठवता येई. पण स्मरणशक्ती इतकी तोकडी की एक नमुना जेमतेम सेकंदभराचा असावयाचा. स्ट्राविन्स्कीच्या १९१० मधील ‘फायरबर्ड’ या नृत्यनाट्यातील वाद्यवृंदाचा एक घणाघाती ठोका नमुना म्हणून या यंत्रात घालण्यात आला होता, आणि तो १९८० नंतरच्या कितीतरी पाश्चात्त्य गीतांतून ऐकू येऊ लागला. संपूर्ण वाद्यवृंद एका पट्टीत आला खरा. पण एका ठोक्यापुरताच.

मसुद्याच्या इतिहासातील खरा टप्पा १९८३ चा. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील एका वाद्य-प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून एकावर वाजवलेले दुसऱ्यावर उमटवून दाखवण्यात आले. डेव्ह स्मिथ हा अमेरिकन आणि इकुतारो काकेहाशी हा जपानी, या दोघांचा त्यात पुढाकार होता. या संकेतप्रणालीचे नाव ‘मिडी’. तिच्यातून ध्वनी जात नाही, हुकूम जातात. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, शून्यापासून १२७ पर्यंतच्या मापात किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच ती कळवते. म्हणजेच संगीताची टिप्पणी निराळी आणि अंमलबजावणी निराळी झाली. आज दुबळ्या नमुन्यांवर वाजवलेली रचना उद्या चांगले नमुने हाती आल्यावर पुन्हा न वाजवता त्यांच्याकडे सोपवता येऊ लागली. मिडीचे मूळ संकेत चाळीस वर्षांनंतरही वापरात आहेत. सरकारी नियमावलीलाही इतके आयुष्य क्वचित लाभते.

१९९० नंतरच्या दशकात नमुन्यांचे खरे संग्रह निघू लागले. मिरोस्लाव्ह व्हिटूश या मूळच्या चेक वादकाने प्रागच्या ड्वोर्झाक सभागृहात चेक फिलहार्मोनिकचे वादक बसवून त्यांचे स्वर मुद्रित केले. १९९८ मध्ये ‘गिगासॅम्पलर’ नावाची आज्ञावली आली. स्वराचा आरंभ तेवढा स्मरणात ठेवावयाचा आणि उरलेला भाग वाजता वाजता तबकडीवरून वाचून घ्यावयाचा, ही तिची युक्ती. तिच्यामुळे नमुन्याच्या लांबीवरचे बंधन गळून पडले. मग २००० साली व्हिएन्नात हर्ब टुकमांड्ल या चेलोवादकाने ‘व्हिएन्ना सिंफोनिक लायब्ररी’ची स्थापना केली. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट आपल्याकडील श्रोत्याला मींडेमुळे सहज पटेल. संगीत स्वरात जेवढे असते तेवढेच ते एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंतच्या वाटेत असते. म्हणून त्याने केवळ सुटे स्वर न घेता, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना होणारा प्रत्येक प्रवास स्वतंत्रपणे मुद्रित करविला. लंडनमधील मंडळींनी पुढे आणखी एक पाऊल टाकले. एका जुन्या चर्चच्या वास्तूत असलेल्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये वादकांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून, सभागृहाच्या घुमाऱ्यासह त्यांनी स्वर टिपले. २०१९ मध्ये तर बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा हा संपूर्ण वाद्यवृंदच अशा संग्रहाच्या रूपाने विक्रीस आला.

ही हकीकत सलग वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यंत्राची प्रत्येक सुधारणा म्हणजे वादकाची आधी गाळून टाकलेली एखादी खोड पुन्हा पदरात घेणे होय. प्रथम श्वासाची लांबी आली, मग स्वरांमधील वाट आली, मग बसावयाची जागा आली. एकच स्वर लागोपाठ वाजवला तर तो यांत्रिक वाटू नये म्हणून त्याचे तीन-चार निरनिराळे नमुने घेऊन ते आळीपाळीने वाजवण्याची सोय आली. म्हणजे वादकाच्या हातातील किंचितसा असमानपणाही पैसे मोजून मुद्रित करावा लागला. यंत्राने साठ वर्षे वादकाजवळ उमेदवारी केली, असेच म्हणावे लागते.

आता प्रत्यक्ष कामाची रीत पाहू. चित्रपटाच्या संगीतकाराला पंधरा-वीस दिवसांत तासाभराचे संगीत द्यावयाचे असते आणि तेवढ्यात चित्राची कापाकापी तीनदा होते. अशा वेळी प्रतिभेइतकेच महत्त्व व्यवस्थेला येते. जाणता माणूस रचनेला हात घालण्यापूर्वी आपला साचा सिद्ध करून ठेवतो. वूडविंड, ब्रास, तालवाद्ये, तंतुवाद्ये या ठरल्या क्रमाने सर्व वाद्ये संगणकावर मांडलेली, प्रत्येकाला नाव व रंग दिलेला, आणि त्यांचे परस्परांतील आवाज एखाद्या परिचित कृतीशी ताडून आधीच तोललेले. छापील नमुने कपाटात तयार असले की ऐन घाईच्या वेळी कारकून रकाने आखीत बसत नाही. तसाच हा प्रकार आहे. सुचलेली चाल वाद्य शोधता शोधता विसरली जाते, आणि हे नुकसान कोणत्याही यंत्राने भरून येत नाही.

दुसरी पायरी कच्च्या आराखड्याची. पियानोच्या किंवा तंतुवाद्यांच्या एकाच आवाजावर प्रसंग आरंभापासून शेवटपर्यंत लिहून काढावयाचा, मंजूर करून घ्यावयाचा आणि मगच वाद्यांची वाटणी करावयाची. जो पहिल्या चार पट्ट्यांतच हॉर्नचा आवाज घोटीत बसतो, त्याचा दिवस तेथेच मावळतो. वाटणी करतानाही एका हाताने भरलेला स्वरसमूह सगळ्या वाद्यांना चिकटवून भागत नाही. एकेका वाद्याची ओळ स्वतंत्रपणे वाजवावी लागते. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात आवाजाच्या चढउताराच्या दांडीवर. तो डावा हात म्हणजेच व्हायोलिनचा गज आणि बासरीचा श्वास. तो थांबला की संगीत निर्जीव झालेच. दीर्घ, तुटक, बोटाने छेडलेले, थरथरणारे असे स्वरांचे प्रकार निवडण्याकरिता पट्टीच्या एका टोकाला खुणेचे स्वर नेमून ठेवलेले असतात. सावकाश उगवणारे दीर्घ स्वर तालाच्या मागे पडतात, म्हणून ती ओळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही थोडी अधिक पुढे सरकवावी लागते.

या कामातील एक चूक आमच्या वाचकांना विशेष रुचेल. नमुना जर सोळा व्हायोलिनांच्या गटाचा असेल आणि त्यावर तीन स्वर एकदम दाबले, तर ऐकू येतात अठ्ठेचाळीस व्हायोलिने. कानाला ते भरदार वाटते. पण मंजूर पदे सोळाच! प्रत्यक्ष वादक बसले की त्या सोळांचेच तीन गट पडतात आणि मसुद्यातील थाट कोठल्या कोठे नाहीसा होतो. म्हणून चांगला रचनाकार पदसंख्या ओलांडत नाही. बासरीवाल्याला श्वास घ्यावयास जागा ठेवतो, ट्रम्पेटवाल्याचे ओठ थकतील हे ध्यानात धरतो. शेवटी तंतुवाद्ये, ब्रास, वूडविंड, तालवाद्ये असे स्वतंत्र गट करून ते वेगवेगळे उतरवून घेतले जातात आणि प्रत्येक प्रतीवर दिनांक व आवृत्तीचा क्रमांक घातला जातो. दिग्दर्शकाने ‘ते पितळ जरा कमी करा’ म्हटले की एक गट तेवढा हलवावयाचा. फाईल नीट लावलेली असली की शेऱ्याची पूर्तता घटकेत होते.

अशा रीतीने मसुदा इतका देखणा झाला, की स्वच्छ प्रत कशासाठी काढावयाची असा प्रश्न आपोआपच उभा राहिला. १९८९ च्या ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ या चित्रपटाचे संगीत हान्स झिमर याने संपूर्णपणे यंत्रावर केले. त्यात वाद्यवृंद बसलाच नाही, आणि त्या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. मालिका, जाहिराती आणि थोडक्या पैशांचे चित्रपट यांत आज मसुदा हाच पुष्कळदा अखेरचा मजकूर असतो. जेथे वादक बोलावले जातात, तेथेही दिग्दर्शकाचे कान मसुद्याला सरावलेले असतात. ‘हे त्याच्यासारखे वाटत नाही’ असे तो प्रत्यक्ष वादकांच्या वाजवण्याविषयी म्हणतो. ज्याची नक्कल केली, त्यालाच नकलेच्या कसोटीला उतरावे लागते.

येथे आम्हांस मुंबईची आठवण येणे अपरिहार्य आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद ज्यांनी घडवला, त्यांत गोव्याच्या माणसांचा वाटा फार मोठा. तेथील चर्चच्या संगीतशाळांत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलेली मुले मुंबईस आली आणि स्टुडिओत बसली. संगीत दिग्दर्शकाने चाल गुणगुणावी आणि अरेंजरने ती पन्नास-साठ वादकांसाठी लिहून काढावी, अशी वहिवाट होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांचे ताफे लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा हे फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत असत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या रचनांसाठी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायिले. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात गुरूचे नाव आले आणि ते देशभर गाजले, पण ते नाव एका खऱ्या संगीतकाराचे आहे, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होते. चालीवर सही एकाची आणि मसुदा दुसऱ्याचा, हा प्रकार यंत्राने आणलेला नव्हे. तो त्यापूर्वीचाच आहे.

१९९२ मध्ये ‘रोजा’ आला. चेन्नईतील स्वतःच्या स्टुडिओत थर रचून संगीत बांधण्याची ए. आर. रहमान यांची रीत सर्वत्र पसरली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील मोठ्या वाद्यवृंदांची रोजची उठबैस संपुष्टात आली. ज्यांनी शंभर जणांच्या मेळ्यात उमेदवारी केली होती, त्या व्हायोलिनवादकांना काम उरले नाही. आणि पुढच्या पिढीला उमेदवारी करावयास जागाच राहिली नाही. आज आपल्या संगीतकाराला खरा वाद्यवृंद हवा असला, तर तो बहुधा बुडापेस्टची वाट धरतो. इळैयराजांनी २००५ साली ‘तिरुवासगम्’ तेथील वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. यंत्राने मुंबईकर वादकांचे काम नेले हे खरे. परंतु बुडापेस्टला आजही वादक बसतात, यावरून सारा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही. ज्या देशांनी वाद्यवृंद सार्वजनिक पैशाने पोसले, शाळा चालवल्या, तेथे ते टिकले. आपल्याकडे तो केवळ बाजारावर उभा होता; बाजार फिरला तेव्हा त्याला दुसरा आधार नव्हता. मुंबईत २००६ साली ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला, तेव्हा बरेच वादक परदेशांतून आणावे लागले.

तरीही मसुद्याला केवळ दूषण देणे आम्हांस उचित वाटत नाही. आमच्या सरकारी वसाहतीत एका मराठी सहकाऱ्याचा मुलगा दहा बाय दहाच्या खोलीत, कानांवर हेडफोन लावून, ऐंशी वाद्यांसाठी लिहितो. प्रागचे सभागृह त्याने पाहिलेले नाही. पण ओबो आणि क्लॅरिनेट यांच्या स्वरांतील भेद त्याला ठाऊक आहे. पूर्वी ही विद्या मिळवण्यासाठी राजधानीच्या शहरी जन्म घ्यावा लागे, नाहीतर श्रीमंताच्या घरी. बदलीच्या गावी वाढलेल्या मुलाला ती आता घरबसल्या लाभते, हा लाभ लहान नव्हे. त्याने आम्हांस एक ओळ ऐकवली आणि सांगितले, ‘काका, येथे मी मुद्दाम थांबलो आहे, वाजवणाऱ्याला श्वास घ्यायला नको का?’ वाजवणारा तेथे कोणीच नव्हता. पण ज्याचे स्वर त्या संग्रहात साठवले होते, त्याचा मान त्या मुलाने राखला.

या रीतीचे सारे मर्म त्या थांबण्यात आहे, असे आम्हांस वाटते. संग्रहातील प्रत्येक नमुन्यामागे कोणीतरी खुर्चीवर बसून, एकच स्वर हळू, मध्यम आणि मोठा असा पुन्हा पुन्हा वाजवलेला असतो. कोठे त्याला एकदाच मेहनताना मिळतो, कोठे विक्रीतील हिस्साही मिळतो. चित्रपटाच्या नामावलीत मात्र तो बहुधा नसतो. कचेरीत सही कोणाचीही असो, मसुद्याची भाषा कोणाची हे ओळखणारा एखादा जुना माणूस असतो आणि लिहिणाऱ्याला तेवढाच आधार वाटतो. वाद्यवृंदाचे हे मसुदे ऐकताना आपणही तेवढे ओळखावे, एवढीच आमची विनंती आहे.